कंसातला आकडा

अतिदक्षता विभागातल्या मॉनिटरवर रक्तदाब तीन आकड्यांत लिहिलेला असतो. उदाहरणार्थ ८८/५२, आणि त्याच्या शेजारी किंवा खाली, कंसात, ६४. पहिले दोन आकडे ठळक असतात, तिसरा बहुतेक मॉनिटरवर बारीक. खाटेजवळ उभ्या असलेल्या नातेवाइकाची नजर पहिल्या आकड्यावर जाते, कारण ‘वरचं बीपी’ आणि ‘खालचं बीपी’ ही भाषा आता घराघरांत पोचली आहे. गावाकडे फोन करून तोच आकडा कळवला जातो. पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला तोच सांगते, आणि घाईच्या वेळी डॉक्टरही पुष्कळदा त्याच्याकडे बघूनच औषधाचा वेग वाढवतात किंवा कमी करतात. कंसातला आकडा, म्हणजे सरासरी दाब, तिथेच पडून राहतो. माझे म्हणणे असे आहे की, दंडाला पट्टा बांधून यंत्राने घेतलेल्या मापात मोजमापाच्या सर्वांत जवळचा आकडा हा कंसातलाच असतो. बाकीचे दोन यंत्राने बांधलेले अंदाज असतात. धडधाकट माणसात हे अंदाज बरे जमतात. रक्ताभिसरण कोलमडून शॉकमध्ये गेलेल्या रुग्णात, म्हणजे जिथे चूक मुळीच परवडत नाही तिथे, ते घसरतात. गंभीर रुग्णात पट्ट्यावर भरवसा ठेवावा की धमनीत सुई घालून दाब मोजावा, हा वाद जगभर चालू आहे. तो सोडवायचा तर आधी कोणत्या आकड्याबद्दल बोलतो आहोत हे ठरवावे लागते.

पट्ट्याची पद्धत जुनी आहे. इटलीतल्या तुरीनमध्ये शिपिओने रीवा-रोच्ची या डॉक्टरांनी १८९६ मध्ये दंडाभोवती फुगवायचा रबरी पट्टा आणि पाऱ्याची नळी यांची जोडणी केली. पट्टा फुगवत न्यायचा, मनगटाची नाडी लागेनाशी झाली की पाऱ्याची उंची वाचायची. एवढ्याने वरचा दाब कळत असे. १९०५ मध्ये रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय कोरोत्कॉव्ह यांनी पट्ट्याच्या खाली स्टेथोस्कोप ठेवला आणि पट्टा सैल होत असताना धमनीतून उमटणारे ठोके ऐकले. ठोका पहिल्यांदा ऐकू येतो तो वरचा दाब आणि ठोके विरतात तो खालचा, ही रीत पुढे शंभर वर्षे दवाखान्यांत चालली. आपल्या मनात रक्तदाब म्हणजे दोन आकडे हे जे पक्के बसले आहे, ते या कानाने घेतलेल्या मापामुळे. पण अतिदक्षता विभागातले यंत्र काहीच ऐकत नाही. त्याचे काम वेगळ्याच तत्त्वावर चालते आणि ते तत्त्व कोरोत्कॉव्हच्याही आधीचे आहे. फ्रान्सचे शरीरशास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले होते की, हातावर बाहेरून दाब दिला की धमनीच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्या दाबात बारीक हेलकावे उमटतात, आणि दाब बदलत नेला की हेलकावे आधी वाढतात व मग ओसरतात. या हेलकाव्यांवर चालणारे पहिले यशस्वी स्वयंचलित यंत्र, डायनामॅप, अमेरिकेत १९७६ मध्ये आले. त्या पहिल्या यंत्राने वरचा आणि खालचा दाब दाखवलाच नाही. ते फक्त सरासरी दाब सांगत असे, आणि वरखालचे आकडे पुढच्या मॉडेलात आले. डॉक्टरांना सवयीचे दोन आकडे हवे होते, ते त्यांना मिळाले. पण यंत्राला मुळात कशाची खात्री होती, हे पहिल्या मॉडेलाने प्रामाणिकपणे सांगितले होते.

कारण समजून घेणे अवघड नाही. पट्टा फुगून धमनी पूर्ण दाबली गेली की हेलकावे जवळजवळ थांबतात. मग यंत्र टप्प्याटप्प्याने हवा सोडते आणि प्रत्येक टप्प्यावर हेलकावा किती मोठा आहे ते नोंदते. पट्ट्यातला बाहेरचा दाब आणि धमनीतला सरासरी दाब सारखे झाले की धमनीच्या भिंतीवर कोणत्याच बाजूने ताण उरत नाही, ती सर्वांत सैल होते आणि हेलकावा सर्वांत मोठा येतो. तेवढे शिखर यंत्राला स्पष्ट दिसते, म्हणून सरासरी दाब ते जवळपास थेट वाचते. वरच्या आणि खालच्या दाबाच्या जागी मात्र असे कोणतेही शिखर किंवा खूण नसते. तिथे यंत्र एक प्रमाण वापरते: शिखराच्या अमुक इतक्या भागाएवढा हेलकावा जिथे आला तो वरचा दाब समजायचा, तमुक इतक्या भागाएवढा आला तो खालचा. ही प्रमाणे प्रत्येक कंपनीची वेगळी असतात आणि बहुतेक कंपन्या ती उघड करत नाहीत. ज्यांच्यावर चाचणी घेऊन ती बसवली जातात त्यांची धमनी लवचीक, नाडी नियमित आणि रक्तप्रवाह चांगला असतो. धमन्या कडक झालेल्या वृद्धात, नाडी दोऱ्यासारखी बारीक झालेल्या रुग्णात किंवा रक्तवाहिन्या आवळणारे नॉरअ‍ॅड्रेनलिन चालू असताना हेलकाव्यांचा आलेखच बदलतो. शिखर तेव्हाही सहसा सापडते, पण त्याच्या दोन्ही बाजूंचा उतार बदललेला असतो, आणि वरचा-खालचा दाब काढायचे गणित नेमके त्या उतारावरच उभे असते.

रुग्णालयात अनेक ठिकाणी याच्या उलट एक रीत चालते. चार्टवर ८८/५२ एवढेच लिहिले जाते, आणि नंतर कुणी सरासरी दाब विचारला तर खालच्या आकड्यात फरकाचा एक-तृतीयांश मिळवून तो काढला जातो. म्हणजे यंत्राने जे मोजले ते टाकून दिले जाते, जे अंदाजाने आले ते जपले जाते, आणि मग त्या दोन अंदाजांवरून मूळ मोजलेला आकडा पुन्हा अंदाजाने बांधला जातो. हे सूत्रही हृदयाचे ठोके संथ असतानाचे आहे. मिनिटाला १४० ठोके पडत असतील तर ते तंतोतंत लागू पडत नाही. शॉकमध्ये ठोके तसेच वाढलेले असतात.

‘यंत्राला प्रमाणपत्र असते ना?’ असा प्रश्न इथे कुणीही विचारील, आणि तो रास्त आहे. दंडावरच्या यंत्रांची चाचणी आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे घेतली जाते. किमान ८५ व्यक्तींवर तुलना करायची; यंत्राचा आकडा आणि संदर्भ आकडा यांतला सरासरी फरक पाऱ्याच्या ५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा आणि त्या फरकांचा पसारा, ज्याला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात, ८ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. ही अट कडक वाटते, पण तिचा अर्थ नीट बघितला पाहिजे. पसारा ८ असेल तर साधारण वीसपैकी एका मापात चूक १६ मिलिमीटरपेक्षाही मोठी असू शकते, आणि तरी यंत्र उत्तीर्ण होते. शिवाय या चाचणीत बसणारी माणसे खुर्चीत शांत बसू शकणारी असतात. ज्याचा दाब पडला आहे, हातपाय गार आहेत, अंगाला सूज आहे, थंडी वाजून अंग थरथरते आहे, अशा माणसाबद्दल ते प्रमाणपत्र काहीही सांगत नाही. घरी रोज दाब मोजणाऱ्या माणसाला त्याचा आधार पुरतो, कारण तिथे निर्णय महिन्यांच्या सरासरीवर घेतला जातो. आयसीयूत पुढच्या दहा मिनिटांचा निर्णय असतो.

आता दाब पडलेल्या रुग्णात नेमके काय घडते ते पाहू. कानाने ऐकण्याच्या जुन्या पद्धतीची चूक आधीच माहीत झाली होती. अमेरिकेचे हृदयतज्ज्ञ जे कोन यांनी १९६७ मध्ये शॉकमधल्या रुग्णांवर दाखवले की, रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या की पट्ट्याखालचे ठोके इतके क्षीण होतात की कानाला ते ऐकू येत नाहीत, आणि दाब प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा बराच कमी भरतो. हेलकाव्यांच्या यंत्राची चूक उलट दिशेने जाते. दाब खूप खाली गेला की यंत्र वरचा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त सांगते. आणि ही चूक अधिक घातक आहे, कारण खोट्या कमी आकड्याने निदान माणसे धावपळ तरी करतात. खोटा जास्त आकडा सगळ्यांना स्वस्थ बसवतो. बॉस्टनमधल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूतील नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पट्ट्याने आणि धमनीतल्या नळीने एकाच वेळी घेतलेल्या मापांच्या २७,०२२ जोड्या तपासल्या होत्या. दाब कमी असताना पट्ट्याचा वरचा आकडा नळीच्या आकड्यापेक्षा जास्त निघाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दोन्ही पद्धतींनी वरचा दाब सारखाच कमी दिसत असला, तरी पट्ट्यावर तो तसा दिसणाऱ्या रुग्णांत मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण अधिक होते. त्यांचा खरा दाब त्याहूनही खाली होता. सरासरी दाबाच्या बाबतीत मात्र दोन्ही पद्धती जवळ आल्या, आणि तोच आकडा असताना पुढे होणाऱ्या इजेतही लक्षणीय फरक दिसला नाही. माझा सगळा युक्तिवाद या एका निष्कर्षावर उभा केला तरी चालेल. त्याच यंत्राच्या, त्याच क्षणीच्या दोन आकड्यांपैकी एक दिशाभूल करतो आणि दुसरा करत नाही.

सुदैवाने जो आकडा भरवशाचा आहे, तोच शरीराच्याही कामाचा आहे. मेंदू आणि मूत्रपिंड यांना लागणारा रक्तपुरवठा ठोक्याच्या क्षणिक शिखरावर ठरत नाही. पूर्ण आवर्तनभर टिकणाऱ्या दाबावर ठरतो. हृदय आपल्या आवर्तनाचा मोठा भाग विसाव्यात घालवते, त्यामुळे सरासरी खालच्या दाबाकडे झुकलेली असते. जंतुसंसर्गाने येणाऱ्या सेप्टिक शॉकसाठी जगभर पाळली जाणारी मार्गदर्शक तत्त्वे म्हणूनच लक्ष्य सांगतात ते सरासरी दाबाचे: सुरुवातीला ६५ मिलिमीटर. फ्रान्समध्ये ७७६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६५ ते ७० हे लक्ष्य आणि ८० ते ८५ हे उंच लक्ष्य यांची तुलना केली. उंच लक्ष्याने मृत्यू कमी झाले नाहीत. उपचाराचे लक्ष्य कंसातल्या आकड्यात सांगितलेले असताना खाटेजवळ मात्र वरच्या आकड्याची चर्चा चालते, ही विसंगती मला दुखावणारी वाटते. ती दूर करायला कसलाही खर्च लागत नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप अतिदक्षता तज्ज्ञांचाच आहे. ते म्हणतात, पट्ट्याच्या कोणत्याच आकड्यावर कशाला विसंबता? मनगटाच्या धमनीत बारीक नळी घाला, ती सलाईनच्या नळीने दाबमापकाला जोडा, आणि प्रत्येक ठोक्याचा दाब पडद्यावर बघा. आयसीयूच्या भाषेत हिला आर्टेरियल लाइन म्हणतात आणि बऱ्याच तज्ज्ञांच्या मनात ती अंतिम कसोटी आहे. तिचे फायदे खरे आहेत. दाब अखंड दिसतो, लहर दिसते, आणि रक्तातल्या वायूंच्या तपासणीसाठी वारंवार सुई टोचावी लागत नाही. पण ती अंतिम कसोटी आहे हे मी मान्य करत नाही, कारण तिच्याही चुका तितक्याच वास्तव आहेत आणि अधिक अदृश्य आहेत. दाबमापक हृदयाच्या पातळीवर असावा लागतो; तो १० सेंटिमीटर खाली सरकला तर आकडा सुमारे साडेसात मिलिमीटरने फुगतो. खाट वरखाली केली आणि मापक हलवायचा राहिला, एवढे त्याला पुरते. नळीत हवेचा बुडबुडा किंवा रक्ताची गुठळी असेल तर लहर बोथट होते आणि वरचा दाब कमी दिसतो. उलट, लांब नळीतल्या पाण्याच्या खांबाला स्वतःची एक लय असते, आणि नाडीची लय तिच्याशी जुळली की, झोक्याला नेमक्या वेळी धक्का बसावा तशी लहर उंच उसळते आणि वरचा दाब खोटा चढतो. इटलीत हृदयविकाराच्या ३०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही उसळी ३०.७ टक्के रुग्णांत सापडली. नळीतून जोराने द्रव सोडून, लहर किती वेळा डोलते ते पाहून हे तपासता येते. गर्दीच्या विभागात प्रत्येक पाळीला ही तपासणी होतेच असे नाही. गंमत अशी की, बोथट लहर असो वा उसळलेली, सरासरी दाब इथेही सर्वांत कमी बिघडतो. जी गोष्ट पट्ट्याची, तीच नळीची.

आणखी एक मर्यादा कमी लोकांना ठाऊक असते. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या औषधांची मात्रा खूप वाढली की मनगटाची धमनीच इतकी आवळते की तिथला दाब महाधमनीपेक्षा कमी दिसू शकतो. अशा रुग्णांत जांघेतल्या धमनीत दाब जास्त निघतो, हे १९९८ मध्येच दाखवले गेले होते. मनगटाच्या आकड्यावर विश्वास ठेवून औषध आणखी वाढवले तर रुग्णाला लागत नाही तेवढे औषध जाते. आणि नळी म्हणजे धमनीला केलेली जखम, हेही विसरता येत नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार मनगटातल्या नळीमुळे धमनी तात्पुरती बंद होण्याचे प्रमाण १९.७ टक्के होते. हाताच्या रक्तपुरवठ्याला कायमची इजा मात्र विरळ, ०.०९ टक्के. रक्तस्राव, गाठ आणि जंतुसंसर्ग हे धोके त्याशिवाय. दुर्मीळ धोका पत्करायला हरकत नाही, पण बदल्यात काही मिळाले पाहिजे.

ते मिळते का, याचे उत्तर अनेक वर्षे कुणी नेटाने शोधलेच नव्हते. सेप्टिक शॉकच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी आर्टेरियल लाइनची शिफारस केली, पण ती दुबळी शिफारस होती, पुरावा अत्यंत कमी दर्जाचा असल्याचे त्यातच नमूद होते, आणि ‘साधने उपलब्ध असतील तर’ अशी पुस्ती होती. त्याआधी २०१४ मध्ये अमेरिकेत व्हेंटिलेटरवरच्या ६० हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या होत्या. सारख्या अवस्थेतल्या रुग्णांची जोडी लावल्यावर नळी घातलेल्यांत मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. पण नोंदींच्या अभ्यासावर आक्षेप घेता येतो: ज्यांना नळी घातली ते मुळातच अधिक आजारी असतील. म्हणून चिठ्ठ्या टाकून गट पाडणारी चाचणी हवी होती. ती फ्रान्समधल्या नऊ अतिदक्षता विभागांनी केली आणि तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. शॉकमधल्या १,०१० रुग्णांपैकी निम्म्यांना लगेच नळी घातली; उरलेल्यांना दंडावरच्या स्वयंचलित पट्ट्यावर ठेवले आणि ठरावीक कारण असेल तरच नळी घालायची मुभा दिली. २८ दिवसांत पट्ट्याच्या गटात ३४.३ टक्के आणि नळीच्या गटात ३६.९ टक्के रुग्ण दगावले. पट्ट्याचा मार्ग कमी प्रतीचा ठरला नाही. नळीमुळे रक्तस्राव किंवा रक्ताची गाठ होण्याचे प्रमाण १ टक्क्याच्या जागी ८.२ टक्के होते. पट्ट्याच्या गटातल्या सुमारे १५ टक्के रुग्णांनाच नंतर नळी घालावी लागली. आणि प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की, वेदना आणि अस्वस्थता पट्ट्याच्या गटात अधिक रुग्णांनी सांगितली. दर काही मिनिटांनी दंड आवळला जाणे सुखाचे नसते.

या चाचणीचा अर्थ कुणी असा काढू नये की नळीची गरजच नाही. तिच्यात औषधांची मात्रा अतिशय चढलेले आणि शरीराबाहेरील रक्ताभिसरण यंत्रावर असलेले रुग्ण घेतलेले नव्हते. अशा रुग्णांत, मोठ्या शस्त्रक्रियेत जिथे मिनिटभरात दाब कोसळू शकतो तिथे, किंवा दर तासाला रक्त तपासावे लागत असेल तेव्हा, नळी घालणे योग्यच. पट्टा सलग माप देत नाही हा त्याचा खरा दोष आहे. दोन मापांच्या मधल्या पाच मिनिटांत काय झाले हे तो सांगू शकत नाही. मात्र शॉकच्या बहुसंख्य रुग्णांत औषधाची मात्रा मिनिटामिनिटाला बदलत नाही. बदलली की लगेच माप घेता येते आणि स्थिरावल्यावर अंतर वाढवता येते. फरक असा की, पट्टा वापरणाऱ्या विभागाने हे अंतर जाणीवपूर्वक ठरवले पाहिजे. अर्ध्या तासाने एकदा पट्टा फुगतो आहे आणि दरम्यान नॉरअ‍ॅड्रेनलिन तीन वेळा बदलले आहे, अशी स्थिती असेल तर दोष पट्ट्याचा नाही.

‘सरासरी दाबही चुकतो’ हा दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो खरा आहे. हृदयाची लय अनियमित असेल तर प्रत्येक ठोका वेगळ्या ताकदीचा असतो, हेलकाव्यांचा आलेख खडबडीत होतो आणि एकाच मापावर विसंबता येत नाही. अशा वेळी लागोपाठ तीन मापे घेऊन त्यांची सरासरी धरावी. दाब अगदीच तळाला गेला तर यंत्राला शिखर सापडतच नाही. ते पुन्हा पुन्हा पट्टा फुगवते, नेहमीपेक्षा जास्त वेळ घेते, शेवटी पडद्यावर रेघा येतात. अनेक जण यावर पट्टा काढून दुसऱ्या हाताला बांधतात आणि यंत्र बिघडले असे समजतात. यंत्र बिघडलेले असूही शकते. पण शॉकच्या शक्यतेत यंत्राची असमर्थता हीच पहिली धोक्याची खूण समजावी, नाडी हाताने बघावी आणि मगच पट्ट्याकडे वळावे. दाबाच्या जोडीला रक्त अवयवांपर्यंत पोचते आहे का, हे बघायचे साधे उपायही आहेत: बोटाचे टोक दाबून सोडल्यावर लाली परत यायला किती वेळ लागतो, तासाला लघवी किती होते, रुग्ण शुद्धीवर आहे का, गुडघ्यांवर निळसर जाळी उमटली आहे का. बोटाच्या लालीवर उपचार ठरवणाऱ्या, ४२४ रुग्णांवरील आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २८ दिवसांतले मृत्यू ३४.९ टक्के होते, तर रक्तातल्या लॅक्टेटवर ठरवलेल्या उपचारात ४३.४ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निर्णायक ठरला नाही. पण ज्या तपासणीला एक बोट आणि घड्याळ एवढेच लागते, ती महागड्या तपासणीपेक्षा मागे पडली नाही, हे लहान रुग्णालयांसाठी मोलाचे आहे.

या सगळ्याला एक अट आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते: पट्टा नीट बांधलेला असला पाहिजे. पट्ट्यातल्या फुगणाऱ्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के आणि लांबी सुमारे ८० टक्के असावी लागते. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की दाब खोटा चढतो. अमेरिकेत १९५ प्रौढांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागत होता त्यांना नेहमीच्या आकाराचा बांधला, तर वरचा दाब सरासरी १९.५ मिलिमीटरने जास्त निघाला. हे स्वस्थ बसलेल्या लोकांतले माप. सूज आलेल्या रुग्णाचा दंड तर तीन दिवसांत बदलतो आणि भरतीच्या दिवशी बांधलेला पट्टा तसाच राहतो. रुग्णाला कुशीवर वळवले आणि पट्टा वरच्या दंडावर असेल, तर तो हृदयापेक्षा १५-२० सेंटिमीटर उंच जातो आणि दाब ११ ते १५ मिलिमीटरने कमी दिसतो. त्यावर औषध वाढवले की पाठीवर वळवल्यानंतर दाब एकदम चढलेला सापडतो. सलाईन चालू असलेल्या हाताला पट्टा बांधला तर प्रत्येक फुगण्याबरोबर औषधाचा प्रवाह अडतो आणि मग एकदम सुटतो. रक्तवाहिन्या आवळणारे औषध असेल तर हा खेळ धोक्याचा. डायलिसिससाठी फिस्टुला केलेला हात तर टाळायचाच. दोन्ही दंड वापरता येत नसतील तर पायाचा पर्याय उरतो, पण तो दुय्यम आहे. फ्रान्समध्ये आयसीयूतल्या १५० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दंड, मांडी आणि घोटा यांची तुलना केली, तेव्हा दंडाचा सरासरी दाब नळीच्या सर्वांत जवळ राहिला. पायाच्या मापावरून दाब पडला आहे का आणि उपचाराला प्रतिसाद मिळतो आहे का, एवढे ठरवता आले. अचूक आकड्यासाठी ते पुरले नाही.

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी चार-सहा खाटांचा अतिदक्षता विभाग चालवणाऱ्या डॉक्टरांना हे सगळे केवळ शास्त्र म्हणून वाचता येणार नाही. धमनीतली नळी घालायला हात तयार लागतो, ती सांभाळायला प्रशिक्षित परिचारिका लागतात, आणि एकदाच वापरायच्या दाबमापकाचा खर्च शेवटी रुग्णाच्या बिलात येतो. नळी नाही म्हणजे आपण दुय्यम उपचार देतो आहोत, ही टोचणी बाळगण्याचे कारण फ्रान्सच्या चाचणीने बऱ्याच अंशी काढून टाकले आहे. त्याच्या बदल्यात विभागाने पट्ट्याकडे गांभीर्याने बघितले पाहिजे. दंडाच्या वेगवेगळ्या घेरांचे पट्टे प्रत्येक मॉनिटरजवळ असावेत आणि रोज सकाळी दंड पाहून बदलावेत. चार्टमध्ये सरासरी दाबाचा स्वतंत्र रकाना असावा आणि त्यात मॉनिटरने दाखवलेला आकडा भरावा, सूत्राने काढलेला नव्हे. मॉनिटरचा इशारा वरच्या दाबावर लावलेला असतो तो सरासरीवर आणावा. बहुतेक मॉनिटरमध्ये ही सोय असते, तसेच कुठला आकडा मोठ्या अक्षरांत दाखवायचा हेही बदलता येते.

नातेवाइकांनाही हे समजावून सांगता येते. वरचं बीपी ९० आहे की १०० आहे यावर रात्र काढणाऱ्या मुलाला किंवा सुनेला दोन गोष्टी विचारायला शिकवल्या तर त्यांच्या हाती खरी माहिती येते: सरासरी दाब किती आहे, आणि तो टिकवायला औषध कालपेक्षा जास्त लागते आहे की कमी? सरासरी ६६ असेल आणि औषधाची मात्रा सकाळपासून निम्म्यावर आली असेल, तर रुग्ण सावरतो आहे. तेच ६६ राखण्यासाठी मात्रा दुपारपासून दुप्पट झाली असेल, तर आकडा तसाच असूनही रुग्ण ढासळतो आहे, आणि नळी घालायची असेल तर ती वेळ हीच.